नो-बेक कुकीज जमत नाहीत? आधी पाकाकडे बघा

नो-बेक कुकीजना ओव्हन लागत नाही, म्हणून त्या सोप्या समजल्या जातात. पण त्याच कृतीने, त्याच पातेल्यात केलेल्या कुकीज एकदा छान घट्ट होतात, पुढच्या वेळी तासभर थांबूनही लिबलिबीत राहतात, तर कधी हात लावताच त्यांचा भुगा होतो. मग आपण ओट्सना, कोकोला किंवा हवेला दोष देतो. दोष बहुतेक वेळा पाकाचा असतो.

इथे ओव्हनचं काम उकळी करते. साखर, दूध आणि बटर एकत्र उकळताना त्यातलं पाणी उडतं, आणि किती पाणी मागे उरलं यावर कुकी बसणार, म्हणजे घट्ट जमणार, की नाही हे ठरतं. ते जास्त उरलं तर कुकी मऊ राहते, कमी उरलं तर कोरडी पडते. दुसरा प्रश्न साखरेच्या स्फटिकांचा. ते बारीक तयार झाले तर कुकी घट्ट आणि तोंडात विरघळणारी होते, मोठे झाले तर रवाळ. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असतील तर बिघडलेली कुकी बघूनच तिचं काय चुकलं ते सांगता येतं.

मूळ प्रमाण

पुढचं सगळं या प्रमाणाला धरून लिहिलं आहे. कप २४० मिलीचा.

साखर २ कप (४०० ग्रॅम), दूध अर्धा कप (१२० मिली), बटर ११५ ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर पाव कप, पीनट बटर अर्धा कप, क्विक ओट्स ३ कप, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ. यात मध्यम आकाराच्या चोवीस ते तीस कुकीज होतात.

पातेलं जाड बुडाचं घ्या. ओट्स आधीच मोजून ठेवा, पीनट बटर वाटीत काढून ठेवा, ट्रेवर बटर पेपर अंथरून ठेवा. उकळी आल्यानंतर डबे शोधायला वेळ मिळत नाही. पाक तोवर शिजत राहतो आणि तिथेच गणित बिघडतं.

साखर आणि कोको कोरडेच एकत्र कालवा म्हणजे कोकोच्या गुठळ्या राहत नाहीत. मग दूध आणि बटर घालून मंद ते मध्यम आचेवर ठेवा. बटर वितळून साखर पूर्ण विरघळेपर्यंत सतत ढवळा. त्यानंतर आच मध्यम करा, खदखदून उकळी येऊ द्या आणि ती ६० ते ९० सेकंद टिकवा. गॅस बंद करून पीनट बटर, व्हॅनिला आणि मीठ घाला, एकजीव करा, ओट्स घालून भराभर कालवा आणि चमच्याने बटर पेपरवर घाला. बाहेर ठेवलेल्या कुकीज साधारण अर्ध्या तासात बसतात.

दोन-तीन चमचे पाण्याचा खेळ

अर्धा कप दुधात जवळपास १०५ ग्रॅम पाणी असतं आणि बटरमधून आणखी वीसेक ग्रॅम येतं. म्हणजे ४०० ग्रॅम साखरेच्या जोडीला सुमारे १२५ ग्रॅम पाणी. कुकी नीट बसायला पाकात साखर आणि पाणी यांचं प्रमाण ढोबळमानाने ८० ते ८५ टक्के साखर असं व्हावं लागतं. हिशेब केला तर उडवायचं पाणी निघतं चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन ते तीन मोठे चमचे.

इतक्या थोड्या पाण्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणूनच या कुकीज हुलकावणी देतात. दूध अंदाजाने ओतलं आणि दोन चमचे जास्त पडलं, तर उकळीने केलेलं बरंचसं काम वाया जातं. अरुंद, उंच पातेल्यात वाफ हळू निघते, पसरट पातेल्यात झपाट्याने. त्यामुळे ‘एक मिनिट उकळा’ ही सूचना लिहिणाऱ्याच्या पातेल्याची आणि त्याच्या आचेची असते, तुमच्या नाही. पहिल्यांदा करताना घड्याळापेक्षा पाकाच्या खुणांवर भर द्या. त्यानंतर तेच पातेलं आणि तीच शेगडी कायम ठेवा, म्हणजे तुमचा स्वतःचा वेळ सापडेल.

वेळ कुठून मोजायची

माझ्या मते सगळ्यात जास्त कुकीज इथे बिघडतात. कडेने बुडबुडे दिसले की लोक मोजायला लागतात. ती उकळी नसते.

पाकाकडे नीट बघत राहा. आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसते आणि मधला भाग शांत, चकचकीत असतो. मग मध्येही एखादा बुडबुडा फुटतो. ढवळलं की सगळे बुडबुडे बसतात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. ढवळल्यावर उकळी बसते आहे तोवर मोजायला सुरुवात करायची नाही. थोड्या वेळाने पाक फुगून वर येतो, पूर्ण पृष्ठभाग रटरटायला लागतो आणि चमचा फिरवला तरी उकळी मोडत नाही. हा क्षण म्हणजे शून्य सेकंद. इथून ६० ते ९० मोजा. या दरम्यान बुडाला लागू नये इतपतच हळू ढवळा, कडा खरवडू नका.

आच फार मोठी ठेवली तर उकळी लवकर येते, पण साखर विरघळायच्या आत येते आणि दूध बुडाला लागतं. फार मंद ठेवली तर उकळी येईपर्यंतच बरंच पाणी उडून गेलेलं असतं आणि वर ९० सेकंद मोजले की पाक जास्त होतो. मध्यम आचेवर टिकून राहा.

थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं. समुद्रसपाटीला पाक ११० ते ११२ अंश सेल्सिअसला पोहोचला की गॅस बंद करा. टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर बुडाचं तापमान दिसेल. तुम्ही उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंशाने, आणि पाकाचा आकडाही तेवढाच खाली येतो. १५०० मीटर उंचीवर ११० अंश गाठायला गेलात तर पाक कडक होईल. यावर एक सोपा उपाय आहे. त्याच थर्मामीटरने आधी साधं उकळतं पाणी मोजा आणि जो आकडा येईल त्यात १० ते १२ मिळवा. तो तुमचा आकडा. यात उंचीचा फरक निघून जातो आणि थर्मामीटर एखाद-दोन अंश चुकीचा दाखवत असेल तर तेही निस्तरतं.

ओट्स घालण्याआधी थांबा

ओट्स पडेपर्यंत पाकाची जवळजवळ प्रत्येक चूक सुधारता येते. ओट्स पडल्यावर ते अवघड होतं. म्हणून थर्मामीटर नसेल तर ही चाचणी चुकवू नका.

एक बशी आधीच फ्रीजमध्ये ठेवून द्या. ६० सेकंद झाले की पातेलं आचेवरून खाली उतरवा, कारण आचेवर ठेवून चाचणी करत बसलात तर तेवढ्यात पाक पुढे जातो. अर्धा चमचा पाक थंड बशीवर टाका आणि अर्धा मिनिट थांबा. बशी तिरकी केल्यावर थेंब ओघळला तर पाक कच्चा आहे. जागीच राहिला आणि बोटाने ढकलल्यावर वरची साय सुरकुतली, तर झाला. दुसरी पद्धत वाटीभर गार पाण्याची: पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांनी मऊ गोळी वळता आली, आणि ती बाहेर काढल्यावर हळूहळू चपटी झाली, तर पाक तयार. थेंब पाण्यात विरघळून गेला तर अजून उकळायचं आहे. गोळी टणक झाली तर पुढे गेला आहे.

कच्चा असेल तर पुन्हा आचेवर ठेवून २० सेकंद खदखदू द्या आणि परत बघा. पुढे गेला असेल तर एक मोठा चमचा गरम दूध घालून ढवळा, पुन्हा उकळी आली की लगेच उतरवा. एवढ्या एका मिनिटाने नंतरचा सगळा खटाटोप वाचतो.

गरम पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे भाजलं तर खोल भाजतं. पाक उकळताना चव बघू नका, लहान मुलांना शेगडीपासून लांब ठेवा. भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा.

कुकीज बसल्याच नाहीत

अर्ध्या तासाने कुकीवर बोट ठेवा. नीट जमलेल्या कुकीची ओली चमक जाऊन ती थोडी निस्तेज दिसते आणि कागदावरून अख्खी सुटून येते. अजून चकाकते आहे आणि बोटाला चिकटते आहे, तर आत पाणी जास्त आहे.

आधी ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बटर थंड झालं की बऱ्याच मऊ कुकीज सावरतात. फ्रीजमध्ये घट्ट आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मऊ, असं होत असेल तर त्या फ्रीजमध्येच ठेवा आणि गारच खा. चवीला त्यांच्यात काही कमी नसतं.

फ्रीजनेही भागलं नाही तर सगळं मिश्रण पातेल्यात परत घेऊन उकळावं असा सल्ला ऐकायला मिळतो. मला तो पटत नाही. ओट्सनी पाक शोषलेला असतो, त्यामुळे मिश्रण उकळत नाही, बुडाला करपतं आणि ओट्सचा लगदा होतो. त्यापेक्षा मिश्रण मंद आचेवर नुसतं कोमट करा, मूठ-दोन मूठ ओट्स किंवा दोन चमचे दुधाची पावडर मिसळा, दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे नवे ओट्स जास्तीचं पाणी ओढून घेतील. मग हाताने गोळे वळून गार करा. फारच पातळ असेल तर ट्रेमध्ये थापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि चौकोनी तुकडे कापा, किंवा त्याचा चुरा आइस्क्रीमवर घाला.

कुकी बसते पण भाकरीसारखी पसरते, तेव्हा पाक किंचित कच्चा असतो किंवा मिश्रण फार गरम असताना घातलेलं असतं. ओट्स कालवल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबून घाला. त्याहून जास्त थांबू नका, कारण मिश्रण पातेल्यातच बसायला लागतं.

दमट हवेचा परिणाम खरा आहे, पण तो मुख्यतः नंतर होतो. साखर हवेतली ओल ओढून घेते आणि बसलेली कुकी वरून चिकट होते. अशा दिवसांत पाक १ अंश पुढे न्या आणि कुकीज पूर्ण गार होताच हवाबंद डब्यात भरा. ट्रेवर रात्रभर उघड्या ठेवू नका.

भुगा होतोय

मिश्रण पातेल्यातच कोरडं दिसतं, चमच्यातून ढेकळासारखं पडतं, एकमेकाला धरत नाही. म्हणजे पाणी जास्त उडालं किंवा ओट्स जास्त पडले. अनेक जण अशा वेळी वरून बटर घालतात. बटरने मिश्रण तेलकट होतं, पण बांधलं जात नाही, कारण कडक झालेली साखर सैल करायला पाणी लागतं. म्हणून दूध घाला: एका वेळी एक मोठा चमचा, गरम, आणि पातेलं अगदी मंद आचेवर ठेवून हलक्या हाताने कालवा. मिश्रण पुन्हा चमकायला लागलं की थांबा आणि पटकन घाला.

बसून कोरड्या झालेल्या कुकीजही वाचतात. पातेल्यात चुरा करून दोन-तीन चमचे दूध घाला, झाकण ठेवून मंद आचेवर मऊ करा आणि बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये दाबून बसवा. गार झाल्यावर वड्यांसारख्या कापा. थोड्याच कोरड्या असतील तर डब्यात ब्रेडचा एक ताजा तुकडा ठेवून डबा रात्रभर बंद करा. ब्रेडमधली ओल कुकीज घेतात.

दाताखाली साखर कचकचते

कुकी घट्ट व्हायला पाकातली थोडी साखर पुन्हा स्फटिकरूपात यावीच लागते, त्यामुळे साखरेचे पुन्हा स्फटिक होणं हा मुळात दोष नाही. ते कधी होतात याला महत्त्व आहे. पाक खूप गरम असताना एखादा न विरघळलेला कण मिळाला की साखर त्याच्याभोवती जमत जाते आणि मोठे, खरखरीत स्फटिक होतात. हा कण एक तर न विरघळलेल्या साखरेचा असतो किंवा पातेल्याच्या कडेला उडून वाळलेल्या पाकाचा.

म्हणून उकळी येण्याआधी साखर विरघळली का हे बघणं आवश्यक आहे. चमच्यावर थोडा पाक घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि दोन बोटांत चोळा. कण लागले तर आच वाढवू नका. कडेला साखर चिकटली असेल तर ओल्या ब्रशने पुसून पाकात उतरवा. ब्रश नसेल तर उकळीच्या सुरुवातीला मिनिटभर झाकण ठेवा, वाफेचं पाणी कडा धुऊन काढतं. मात्र त्या वेळी पातेल्यापासून हलू नका, दुधाचा पाक झाकणाखाली भसकन वर येतो. जाडसर दाण्याची साखर असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या.

हा त्रास वारंवार होत असेल तर दोन मोठे चमचे साखर कमी करून तेवढाच मध किंवा ग्लुकोज सिरप घाला. त्यातल्या वेगळ्या शर्करा मोठे स्फटिक होऊ देत नाहीत. प्रमाण यापेक्षा वाढवलंत तर कुकी कायमची चिकट राहील.

पाक रवाळ झाल्याचं ओट्स घालण्याआधी लक्षात आलं तर तीन-चार चमचे दूध घालून मंद आचेवर साखर पुन्हा पूर्ण विरघळवा आणि उकळी नव्याने मोजा. ओट्स पडल्यानंतर यावर इलाज नाही.

तेल, करपट वास, पांढरे डाग

मिश्रणातून तेल सुटून कुकी कागदावर डाग पाडत असेल तर पीनट बटर बघा. फक्त शेंगदाण्यांचं, काहीही न मिसळलेलं पीनट बटर ठेवल्यावर तेल वर येतं. बरणी तळापासून न ढवळता वरचं घेतलं तर तेलच जास्त येतं. या कुकीजना मी ज्यातलं तेल वेगळं होत नाही असं नेहमीचं पीनट बटर पसंत करते. पाक फार तापला तरी तूप सुटतं. एक चमचा गरम दूध घालून जोरात घोटलं की मिश्रण बहुधा परत एकजीव होतं.

करपट वास आला तर बूड खरवडू नका. वरचा पाक हळूच दुसऱ्या पातेल्यात ओता, चाखण्यापुरता थेंब गार करून बघा, कडू लागला तर टाकून द्या. पीनट बटर आणि ओट्सने तो कडूपणा झाकला जात नाही.

दुसऱ्या दिवशी कुकीवर पांढुरके डाग दिसले तर ती बहुतेक वर आलेली साखर असते, खायला हरकत नाही. कापसासारखी लव किंवा कुबट वास असेल तर मात्र ती बुरशी आहे.

ओट्स आणि अदलाबदल

क्विक ओट्स पातळ आणि तुकड्यांत असतात, म्हणून पाक चटकन शोषतात. अख्खे रोल्ड ओट्स घातले तर कुकी चिवट लागते आणि पाक तळाशी उतरतो. ते मिक्सरमध्ये तीन-चार वेळा नुसते चालू-बंद करून तुकडे करा, पीठ होऊ देऊ नका. स्टील-कट (न चपटवता नुसते कापलेले) ओट्स इथे चालत नाहीत, ते कच्चे आणि टणक राहतात. ओट्स भांड्यात दाबून भरू नका. एका वेळी सगळे न घालता शेवटचा अर्धा कप हातात ठेवा आणि मिश्रण बघून घाला.

गाईच्या दुधाऐवजी सोया, ओट किंवा बदामाचं दूध चालतं, पाण्याचा हिशेब जवळपास तोच राहतो. बटरच्या जागी ब्रेडला लावायचं कमी फॅटचं स्प्रेड घेऊ नका. त्यात पाणी बरंच असतं आणि कुकी बसत नाही. मार्जरीन वापरायचं असेल तर वेष्टनावर ८० टक्के फॅट आहे का ते पाहा. शेंगदाणे चालत नसतील तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर तेवढ्याच मापाने घ्या. साखर मात्र मनाने कमी करू नका, कारण कुकीचा सांगाडाच तिचा आहे. गोडी खुपत असेल तर कोको एक चमचा वाढवा आणि मीठ विसरू नका. स्टीव्हियासारख्या गोडव्याने पाक होत नाही, त्यासाठी खजूर किंवा वितळलेल्या चॉकलेटवर बसणारी वेगळी कृती शोधावी लागेल.

दुप्पट प्रमाण एकाच पातेल्यात करू नका. उडवायचं पाणी दुप्पट होतं, पातेल्याचं तोंड तेवढंच राहतं आणि वेळेचा अंदाज कोलमडतो. शिवाय शेवटच्या कुकीज घालेपर्यंत मिश्रण बसून जातं. दोनदा करा.

ठेवायच्या कशा

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरल्या तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि कुकीजवर ठिबकतं. थरांमध्ये बटर पेपर घाला. हवाबंद डब्यात बाहेर चार-पाच दिवस, फ्रीजमध्ये दोन आठवडे आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगल्या राहतात. फ्रीझरमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. बंद डबाच बाहेर ठेवून कुकीज साध्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे हवेतली ओल डब्याच्या बाहेरच्या अंगाला जमेल, कुकीवर नाही.